गोदाकाठचा कॉटनसाहेब

गोदावरी आपली म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे त्र्यंबकचा ब्रह्मगिरी येतो, नाशिकचे रामकुंड येते, पैठणचा नाथांचा घाट आणि नांदेडचा गुरुद्वारा येतो. नांदेड ओलांडून ही नदी तेलंगणात शिरली की आपले तिच्याकडचे लक्ष सुटते. सिरोंच्यापाशी ती पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेला स्पर्श करून जाते, पण तेवढ्यापुरतेच. उगमापासून १,४६५ किलोमीटर चालून ही दक्षिणगंगा जिथे समुद्राला मिळते, तिथे तिचे काय होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या खाली, धवळेश्वरम या गावी जाऊन पाहावे. नदी तिथे इतकी रुंद होते की समोरचा काठ नारळींच्या पुसट रेघेसारखा दिसतो. इथून पुढे तिचे फाटे फुटतात आणि समुद्रापर्यंत हिरव्यागार भातशेतीचा त्रिकोण पसरत जातो. या त्रिकोणातल्या गावागावांत एका इंग्रज माणसाचे पुतळे आहेत. कुठे घोड्यावर बसलेला, कुठे नुसता अर्धपुतळा, पण दर १५ मे रोजी त्याच्या गळ्यात हार पडतो. गोदावरीत स्नान करताना सांगितल्या जाणाऱ्या संकल्पात काही पुरोहित त्याचे नाव घेतात, असेही तिथले लोक सांगतात. इंग्रजांचे पुतळे ज्या देशात स्वातंत्र्यानंतर चौकाचौकांतून हलवले गेले, त्याच देशात शेतकऱ्यांनी हे पुतळे वर्गणी काढून उभे केले. त्या माणसाचे नाव सर आर्थर थॉमस कॉटन.

एका ओसाड पडत चाललेल्या किनारपट्टीचे त्याने भाताचे कोठार केले, एवढे सांगून त्याचे चरित्र संपवता येईल. पण ते अर्धेच होईल. त्याला यश कशामुळे मिळाले आणि पुढे तोच माणूस तीच विद्या घेऊन दुसरीकडे का हरला, हे दोन्ही समजून घेतल्याखेरीज त्याच्या आयुष्याचा अर्थ लागत नाही. आज प्रत्येक किनाऱ्यावर विकासाच्या योजना येत असताना तर तो लागणे अधिकच गरजेचे आहे.

अकरा भावांतला दहावा

आर्थर कॉटनचा जन्म १५ मे १८०३ रोजी इंग्लंडमध्ये झाला. अकरा भावांमधला हा दहावा. घराणे मोठे असले तरी इतक्या मुलांना पुरेल एवढी मालमत्ता कुणाच्याच घरी नसते. त्यामुळे भावंडे आपापल्या वाटेने पांगली. कुणी सैन्यात गेला, कुणी आरमारात, एक तर ऑक्सफर्डमधील एका महाविद्यालयाचा प्रमुख झाला. आर्थर पंधराव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिस्कोम येथील लष्करी विद्यालयात दाखल झाला आणि १८२१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मद्रासच्या अभियंता दलात येऊन पोहोचला.

सुरुवातीची वर्षे नेहमीच्या फिरतीत गेली. भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पांबनच्या उथळ समुद्राचे त्याने सर्वेक्षण केले, पहिल्या ब्रह्मी युद्धातही तो होता. पण त्याच्या आयुष्याला खरी दिशा दिली ती कावेरीने. १८२८ च्या सुमारास तंजावर भागातील पाण्याचे काम त्याच्याकडे आले.

तंजावरचे दुखणे जुने होते. श्रीरंगमच्या वर कावेरीचे दोन फाटे होतात. दक्षिणेचा फाटा कावेरी नावानेच तंजावरची शेती भिजवतो, उत्तरेचा कोळ्ळिडम सरळ समुद्राकडे धावतो. कावेरीचे पात्र गाळाने उथळ होत होते आणि पाणी अधिकाधिक प्रमाणात कोळ्ळिडमकडे वळत होते. तंजावरचे शेतकरी दरवर्षी थोडे थोडे पाणी गमावत होते.

या भागात एक जुने आश्चर्य उभे होते. कल्लणै नावाचा हा बंधारा चोळ राजा करिकाल याने जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी बांधला, अशी परंपरा आहे. नदीचा तळ सगळा वाळूचा, खडक कुठे लागत नाही. अशा वाळूवर बांधकाम टिकेल कसे, हा कंपनीच्या अभियंत्यांपुढचा प्रश्न होता. कॉटनने कल्लणै नीट पाहिला आणि त्याला उत्तर मिळाले. त्या जुन्या कारागिरांनी खडक शोधलाच नव्हता. त्यांनी मोठमोठे दगड वाळूत टाकले. पुराबरोबर वाळू निघून गेली की दगड खाली बसत, मग वर आणखी दगड टाकत. असे करता करता एक वेळ अशी आली की दगड खाली जाईनासे झाले. त्या बसलेल्या दगडांवर मग वरचे काम रचले गेले. वाळूशी भांडण न करता तिला हवे तेवढे गिळू द्यायचे आणि मग वर बांधायचे, अशी ती युक्ती होती.

गर्विष्ठ साहेब असता तर त्याने नेटिवांचा दगडांचा ढीग म्हणून पाठ फिरवली असती. कॉटनने मात्र हे ऋण पुढे आयुष्यभर उघडपणे मान्य केले. वाळूत विटांच्या उथळ विहिरी उतरवून त्यावर पाया घेण्याची दक्षिणेतली देशी पद्धतही त्याने उचलली. १८३६ साली कोळ्ळिडमवर त्याचे बंधारे उभे राहिले आणि कावेरीला तिचे पाणी परत मिळाले. नदीने तिथे गाळाचे नवे प्रश्नही उभे केले आणि पुढच्या अभियंत्यांना दुरुस्त्या कराव्या लागल्या. पण तंजावर सावरले.

दरम्यान कॉटनची प्रकृती ढासळली. हवापालटासाठी तो ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर गेला. तिथेच १८४१ साली एलिझाबेथ लिअरमंथ हिच्याशी त्याचा विवाह झाला. पत्नी आणि तान्ही मुलगी यांना घेऊन १८४३ साली तो भारतात परतला, तेव्हा त्याची नेमणूक झाली विशाखापट्टणमच्या बाजूला. आणि तिथून गोदावरी फार लांब नव्हती.

भरल्या नदीकाठची उपासमार

आज ज्या भागाला आंध्राचे भातकोठार म्हणतात, त्याची १८४० च्या आसपासची स्थिती काय होती? १८३२-३३ च्या दुष्काळात शेजारच्या गुंटूर जिल्ह्यात पाच लाखांपैकी दीड-दोन लाख माणसे मेली. १८३९ च्या नोव्हेंबरात चक्रीवादळाबरोबर समुद्राची लाट आत शिरली आणि कोरिंगा बंदराचा भाग उद्ध्वस्त झाला. राजमहेंद्री जिल्ह्याची लोकसंख्या १८२१ साली सुमारे ७ लाख ३८ हजार होती, ती १८४१ साली सुमारे ५ लाख ६१ हजारांवर आली. वीस वर्षांत लोकसंख्या वाढायची ती पावणेदोन लाखांनी घटली. काही मेले, काही गावे सोडून गेले.

आणि हे सर्व कुठे? तर भारतातल्या सर्वांत मोठ्या नद्यांपैकी एका नदीच्या काठावर. सह्याद्रीपासून बस्तरपर्यंतचे पाणी गोळा करून गोदावरी दर पावसाळ्यात या गावांच्या डोळ्यांदेखत समुद्रात जात होती. पाऊस लांबला की कोरडा दुष्काळ, नदी फुगली की ओला दुष्काळ. माती गाळाची, सुपीक. उतार समुद्राकडे मंद. शेतकरी कष्टाळू. बंदर हाताशी. सगळे होते, फक्त पाणी नदीतून उचलून शेतात आणणारा कुणी नव्हता.

कॉटनच्या विचाराचे मर्म इथे आहे. या किनाऱ्याला बाहेरून काही आणून द्यायची गरज नाही, त्याची संपत्ती त्याच्याजवळच आहे आणि रोज वाहून जाते आहे, असे त्याचे म्हणणे होते. १८४४ आणि १८४५ साली त्याने सरकारला अहवाल सादर केले. जिल्ह्याच्या दुरवस्थेची चौकशी करायला आलेल्या सर हेन्री माँटगोमेरी यांनीही त्याच दिशेने शिफारस केली. अखेर १८४६ साली लंडनहून कंपनीच्या संचालकांची मंजुरी आली. ज्या सरकारला पैसा लढायांवर खर्च करायची सवय होती, त्याने शेतीच्या पाण्यासाठी एवढी रक्कम मोकळी करावी, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

धवळेश्वरमचा बंधारा

१८४७ साली काम सुरू झाले. जागा निवडली ती धवळेश्वरमची, जिथे नदी बेटांमुळे चार प्रवाहांत विभागली जाते. काठापासून काठापर्यंत अंतर सुमारे ६ किलोमीटर आणि प्रत्यक्ष बांधकामाची लांबी साडेतीन किलोमीटरांहून अधिक. उंची मात्र अवघी १२ फुटांच्या आसपास!

या कमी उंचीतच सगळे शहाणपण होते. धरण पाणी साठवते, बंधारा पाणी वळवतो. कॉटनला गोदावरी कोंडायची नव्हती. तिची पातळी थोडी उंचावायची, म्हणजे दोन्ही काठांच्या आणि मधल्या बेटांच्या कालव्यांत पाणी आपोआप शिरेल, आणि पूर आला की उरलेले पाणी बंधाऱ्याच्या डोक्यावरून खुशाल वाहून जाईल. ना कुणाची गावे बुडाली, ना नदीची वाट बंद झाली. तळाशी तीच वाळू आणि तोच कल्लणैचा धडा. विहिरींचा पाया, त्यावर भिंती, आणि खालच्या बाजूला ओतलेल्या दगडांचा जाड पदर.

दगड धवळेश्वरमच्या टेकडीतून काढला. तो नदीपर्यंत न्यायला रूळ टाकले आणि त्यांवरून दगडाचे डबे ओढले. बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटायची होती १८५३ साली. त्याच्या आधीच गोदेच्या काठी रुळांवरून दगड धावत होता. सुमारे दहा हजार मजूर कामावर होते. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत काम, मग पूर, आणि पुराने केलेली नासधूस दुरुस्त करून पुन्हा पुढचे काम, असे हे चक्र होते.

या हजारो हातांतले एक नाव इतिहासाने जपून ठेवले आहे. वीणम वीरन्ना हे कॉटनचे देशी सहायक. मजूर गोळा करणे, त्यांना टिकवणे, काम समजावून सांगणे आणि करून घेणे, हा सगळा भार त्यांच्यावर होता. सरकारने त्यांना पुढे रायबहादूर केले. कॉटनच्या पुतळ्याला हार घालताना गोदाकाठचे लोक वीरन्नांचे नाव आवर्जून घेतात, आणि ते रास्तच आहे.

१८४८ साली कॉटन पुन्हा आजारी पडला. काम कॅप्टन ऑर यांच्यावर सोपवून त्याला जावे लागले. १८५० साली तो परतला आणि १८५२ साली बंधारा पूर्ण झाला. त्याच सुमारास हेग नावाच्या तरुण अधिकाऱ्याने गन्नवरम येथे नदीच्या एका फाट्यावरून कालवा पलीकडे नेणारा ४९ कमानींचा जलसेतू बांधला. त्यामुळे कोनसीमाच्या टोकाकडच्या नगरम बेटालाही गोडे पाणी मिळाले. ज्या बेटाच्या तीन बाजूंना पाणी आणि चौथीकडे समुद्र, तिथल्या शेतकऱ्याला शेतीपुरते पाणी पहिल्यांदाच हमखास मिळू लागले.

कालव्यांचे काम नंतरही चालूच राहिले. लाखो एकर जमीन भिजू लागली. हे कालवे नुसते शेतीचे नव्हते, त्यांतून नावा चालत. रस्ते नसलेल्या मुलखात भाताची पोती थेट काकिनाडा बंदरापर्यंत पाण्यावरून जाऊ लागली. पुढे किनाऱ्याने असे कालवे जोडत जोडत काकिनाड्यापासून मद्रासपर्यंत जलमार्ग तयार झाला. १८५५ साली कृष्णेवरही बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, असाच बंधारा झाला. तो ऑर यांनी बांधला, पण त्यामागची खटपट कॉटनचीही होती.

कसोटीची वेळ १८७६ ते १८७८ या वर्षांत आली. दक्षिणेत महादुष्काळ पडला. आपल्याकडे पुणे, सोलापूर, विजापूरकडची गावे ओस पडली, मद्रास इलाख्यात लक्षावधी माणसे मेली. त्या काळात गोदावरी, कृष्णा आणि कावेरी यांच्या मुखाकडची माणसे मात्र तगली. तगली एवढेच नव्हे, तर गोदाकाठचा तांदूळ बाहेरच्या भुकेल्या मुलखांत गेला. चाळीस वर्षांपूर्वी जिथली माणसे गाव सोडून जात होती, तो प्रदेश आता दुसऱ्यांना जगवत होता. एखाद्या अभियंत्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे?

सगळीकडे एकच औषध

इथे गोष्ट संपली असती तर कॉटनचे चरित्र एखाद्या पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखे झाले असते. पण यशाची एक नशा असते. एका रोग्याला गुण आला की वैद्याला तेच औषध सर्वांना द्यावेसे वाटते.

कॉटनच्या मनाने घेतले की भारताला रेल्वे नको, कालवे हवेत. रेल्वे माल वाहते, पण पीक वाढवत नाही. कालवा पिकवतो आणि वाहतोही, आणि तेही स्वस्तात. या मतासाठी तो लेख लिहीत राहिला, पुस्तके लिहीत राहिला, भांडत राहिला. प्रसिद्ध परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई या वादात त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. रेल्वेवर ओतला जाणारा पैसा पाण्यावर का खर्च होत नाही, हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्याचे उत्तर सगळीकडे सारखे होते आणि जमीन काही सगळीकडे सारखी नसते.

ओरिसात त्याच्या कल्पनेवरून खासगी कंपनीने कालवे काढायला घेतले. पण तिथे बऱ्याच वर्षी पाऊस पुरेसा पडे आणि शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी घ्यायला तयार होईनात. कंपनीचा पैसा संपला आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारला ते काम ताब्यात घ्यावे लागले. तुंगभद्रेवरून निघालेल्या कर्नूल-कडपा कालव्याचे तेच झाले. तो गेला काळ्या मातीतून. काळी माती ओलावा धरून ठेवते आणि तिला जास्त पाणी सोसत नाही, हे विदर्भ-मराठवाड्यातला कुठलाही शेतकरी सांगेल. तिथल्या शेतकऱ्यांनीही पाणी घेतले नाही. शेवटी १८८२ साली सरकारने तो कालवाही विकत घेतला.

तिसरे अपयश तर आपल्या दारातले. गोदावरीतून वर प्राणहिता आणि वर्धा नद्यांपर्यंत जलमार्ग करायचा आणि विदर्भ-नागपूरचा कापूस बोटींनी थेट बंगालच्या उपसागरावर न्यायचा, अशी भव्य कल्पना कॉटनने मांडली. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. गन्नवरमचा जलसेतू बांधणारा हेगच या कामावर होता. भद्राचलमजवळ दुम्मगुडेमला बंधारा आणि बोटींसाठी कालवा झाला, वर सिरोंच्याकडच्या खडकांवरही काम सुरू झाले. सिरोंचा हे त्या काळी एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले होते. पण १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापूस पश्चिमेच्या वाटेने गेला. उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीची वाट कोण पाहील? १८७१ साली ते काम बंद झाले. आजही सिरोंचा गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला रेल्वेवाचून आहे. त्या नदीतून एके काळी वर्ध्याचा कापूस जाणार होता, हे तिथल्या मुलांना सांगितले तर गंमत वाटेल.

१८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे कॉटनला बोलावले गेले, तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. समितीने त्याची कसून उलटतपासणी केली. त्याचे आकडे, त्याचे अंदाज, त्याची फसलेली कामे सगळी बाहेर काढली. समितीचा कल त्याच्या विरुद्ध गेला. ज्याने लाखोंचे प्राण वाचवले त्या माणसाला आपल्याच देशात स्वप्नाळू ठरवले गेले. त्याने मात्र आपले मत सोडले नाही. निवृत्तीत इंग्लंडमधल्या डॉर्किंग गावी घराच्या बागेत तो गव्हाचे प्रयोग करत राहिला. जमीन खोल भुसभुशीत केली तर पीक किती वाढते, याची मोजदाद हा म्हातारा नव्वदीतही करत होता. २४ जुलै १८९९ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मुलीने लिहिलेले त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले.

बंधाऱ्याच्या दोन्ही बाजू

कॉटनचा बंधारा सव्वाशेहून अधिक वर्षे टिकला. तो थकल्यावर त्याच्या जवळच नवा बंधारा बांधला गेला. १९८२ साली पूर्ण झालेल्या या बंधाऱ्यालाही कॉटनचेच नाव आहे. हैदराबादच्या टँक बंडवर तेलुगू थोर पुरुषांच्या रांगेत कॉटनचाही पुतळा आहे.

पण निसर्गाकडून काही घेतले की त्याचा हिशेब कुठेतरी लिहिला जातोच. समुद्रातून नदीत वर चढणारा पुलसा नावाचा मासा गोदाकाठी इतका आवडीचा की त्याच्यासाठी सौभाग्याचा दागिनाही विकावा, अशा अर्थाची म्हण तिथे आहे. त्याची वाट बंधाऱ्याने अडवली. आज पुराच्या दिवसांत मोजके मासे मिळतात आणि एकेकासाठी हजारो रुपये मोजावे लागतात. कालव्याचे पाणी ज्याच्या जमिनीत गेले त्याचे घर भरले, पण जमीन ज्याच्या नावावर नव्हती तो मजूरच राहिला. वरच्या डोंगरांतल्या आदिवासींच्या वाट्याला तर काहीच आले नाही. गोदाकाठ समृद्ध होत असतानाच, १८७९ साली, रंपाच्या डोंगरांत बंड पेटले. ताडीवरचा कर आणि सावकारांची पिळवणूक ही त्यामागची कारणे होती.

नंतरच्या पिढ्यांनी या नदीकडे आणखी बरेच काही मागितले. आपल्या पैठणला जायकवाडी झाले, वर-खाली अनेक धरणे झाली. त्यांच्यात गाळ अडू लागला. मुखाशी गाळाने घडलेली भूमी गाळावरच जगते. गाळ येईनासा झाला की समुद्र पुढे सरकतो. काकिनाड्याजवळचे उप्पाडा हे गाव जामदानी साड्यांसाठी प्रसिद्ध. तिथला किनारा वर्षानुवर्षे लाटांच्या तोंडी जातो आहे. भात परवडेना म्हणून २०११ साली कोनसीमाच्या शेतकऱ्यांनी एक हंगाम शेते पडीक ठेवली. त्यांनी त्याला पिकांची सुट्टी म्हटले. अनेकांनी भाताचे बांध खोल करून कोळंबीची तळी केली. पैसा झटपट आला, पण त्याबरोबर शेजारच्या शेतात खारेपणाही झिरपू लागला. जमिनीखाली आणि समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. त्याच्या वाहिन्या गावांमधून गेल्या, आणि ज्या नगरम बेटाला हेगच्या जलसेतूने पाणी पोहोचवले होते, तिथेच जून २०१४ मध्ये वाहिनी फुटून लागलेल्या आगीत माणसे होरपळली.

पुन्हा पाण्याचीच गोष्ट घ्यायची तर २०१५ पासून पट्टिसीमा येथून पंपांनी गोदावरीचे पाणी कृष्णेकडे नेले जाते. नद्या एकमेकींना जोडण्याच्या कल्पनेत कॉटनची आठवण काढली जाते. पण त्याच नदीवर, सिरोंच्याच्या समोर, मेडिगड्डाचा अवाढव्य बंधारा २०१९ साली वाजतगाजत सुरू झाला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले. वाळूत उभा राहून कॉटनच्या ठेंगण्या बंधाऱ्याने शतक ओलांडले होते. यंत्रे आपल्याकडे आज कितीतरी मोठी आहेत, पण मोठ्या यंत्राने मोठी समज येतेच असे नाही.

कॉटन देव नव्हता. तो एका परक्या सरकारचा नोकर होता आणि त्या सरकारला पाण्याबरोबर महसूलही हवा होता. पण धवळेश्वरमला त्याने तीन गोष्टी केल्या. तिथे काय आहे ते आधी पाहिले. ज्यांनी पूर्वी बांधले होते त्यांच्याकडून शिकला. आणि नदीकडून लागेल तेवढेच घेऊन बाकी सोडून दिले. ओरिसात आणि कर्नूलला तो या तिन्ही गोष्टी विसरला आणि हरला.

आपल्या कोकणातही तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, दोन-चार दिवसांत अरबी समुद्रात जातो, आणि मे महिन्यात बायाबापड्या हंडे घेऊन झऱ्यावर रांगा लावतात. गोदावरीचा बंधारा उचलून तिथे ठेवता येणार नाही. तिथल्या नद्या आखूड आहेत, उतार तीव्र आहे, जांभा पाणी धरत नाही. किनाऱ्यावर कधी कारखाना येतो, कधी बंदर, कधी कोळंबीची तळी, आणि प्रत्येक वेळी समृद्धीचे तेच आश्वासन कानावर पडते. ते देणाऱ्याला आपण एवढेच विचारावे की या मातीत आणि या पाण्यात आधीपासून काय आहे ते तुम्ही पाहिलेत का, इथल्या जुन्या माणसांना विचारलेत का, आणि जाताना आमच्यासाठी काय सोडून जाणार आहात?

धवळेश्वरमच्या काठी संध्याकाळी उभे राहिले की पाणी बंधारा ओलांडून समुद्राकडे जाताना दिसते. ब्रह्मगिरीवर पडलेला थेंब इथवर येऊन थोडा वेळ थांबतो, कुणाच्या तरी शेतात वळतो आणि उरलेला पुढे निघून जातो. कॉटनसाहेबाने नदीकडून एवढेच मागितले होते, आणि एवढे तिने दिले.